कर्ज फिटलं, पण हप्ता काही थांबेना!

मैत्रिणींनो, या आठवड्यात पापडाच्या लाट्या आणि साड्यांचे डाग बाजूला ठेवू. आटपाडीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. ते वाचून वाटले, की या एकाच पत्राला पानभर उत्तर द्यावे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे. गाव छापले आहे, कारण आटपाडी काही लहान नाही. नाव मात्र आमच्यापाशीच राहील.

त्या लिहितात :

“ताई, आमचे हे गलाईच्या धंद्यात, तिकडे तमिळनाडूत असतात. वर्षातून दोनदा येतात, यात्रेला आणि दिवाळीला. सहा वर्षांपूर्वी इथं घर बांधलं, तेव्हा गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून कर्ज काढलं. कागदावर दोघांच्या सह्या. हप्ता माझ्या बँकेच्या खात्यातून जायचा, दर महिन्याच्या पाच तारखेला ९,४०० रुपये. या दिवाळीत ह्यांनी रक्कम आणली आणि राहिलेलं सगळं कर्ज एकदम फेडून टाकलं. कंपनीच्या माणसानं पेढे मागून खाल्ले. मग पाच डिसेंबरला ९,४०० गेले. वाटलं, राहिलं असेल काही व्याजबीज. जानेवारीत परत गेले. फेब्रुवारीतही गेले. धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी शिवणकामातून साठवलेले पैसे होते हो ते. बँकेत गेले तर म्हणतात, आम्ही कापत नाही, कंपनी ओढते. कंपनीला फोन केला तर म्हणतात, आमच्याकडे तुमचं कर्ज बंद दिसतंय, बँकेला विचारा. ह्यांना सांगितलं तर फोनवरच ओरडले, तूच मोबाइलवर कुठंतरी बोट लावलं असशील. मी बारावी झालेली आहे, पण आता मलाच वाटायला लागलंय की माझंच काही चुकलं.”

आधी शेवटच्या वाक्याचे उत्तर देते. बाई, तुमचे काही चुकलेले नाही. मोबाइलवर बोट लागून दर महिन्याच्या पाच तारखेला बरोबर ९,४०० रुपये जात नसतात. रक्कम तीच, तारीख तीच, म्हणजे हा जुना हप्ताच आहे. हा अंक तुमच्या यजमानांना पाठवून द्या. या पुढचा मजकूर त्यांनीही वाचावा, कारण कर्जावर सही त्यांचीही आहे.

आता हे घडते कसे? कर्ज घेताना आपण दोन वेगळ्या गोष्टींवर सह्या करतो आणि गडबडीत त्या एकच समजतो. एक म्हणजे कर्जाचा करार. दुसरी म्हणजे आपल्या बँकेला दिलेली परवानगी, की अमुक कंपनीने मागितले की माझ्या खात्यातून पैसे द्या. या परवानगीला ‘मँडेट’ म्हणतात. पूर्वी हेच काम ‘ईसीएस’ने व्हायचे, आता ते ‘नॅच’ नावाच्या व्यवस्थेतून होते आणि ती व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. तुमच्या पासबुकात त्या नोंदीपुढे ‘एसीएच डी’ किंवा ‘नॅच’ अशी अक्षरे असतील, बघा.

कर्ज फिटले की करार संपतो. परवानगी मात्र आपोआप संपतेच असे नाही. तिचा कागद वेगळा, तिचा नंबर वेगळा, तिची मुदत वेगळी. त्या फॉर्मवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असा रकाना असतो, आणि जुन्या फॉर्मांवर त्याच्या शेजारी ‘रद्द करेपर्यंत’ असा चौकोनही असायचा. सह्या घेणारा माणूस घाईत त्यातच बरोबरची खूण करून टाकायचा. आणखी एक चौकोन असतो : ‘ठरावीक रक्कम’ की ‘जास्तीत जास्त रक्कम’. तिथे बहुतेक वेळा दुसऱ्यावर खूण असते आणि आकडा हप्त्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणजे व्याजदर वाढून हप्ता वाढला तरी नवी सही घ्यायला नको. सोय कुणाची, ते सांगायला नकोच!

तुमच्या बँकेतला माणूस ‘कंपनी ओढते’ म्हणाला ते खरे आहे. कंपनीकडून यादी येते, बँक परवानगी तपासते आणि पैसे देते. कर्ज फिटले की नाही हे तुमच्या बँकेला कळायला मार्ग नाही. आणि कंपनीतला माणूस ‘बंद दिसतंय’ म्हणाला, तेही खरे असू शकेल. कर्जाचे खाते बंद झाले, पण पैसे मागवणाऱ्या यादीतून तुमचे नाव कुणी काढलेच नाही. दोघेही खरे बोलतात आणि पैसे मात्र तुमचे जातात, अशी ही गंमत आहे.

पण थांबा, भांडायला जाण्याआधी एक खातरजमा करा. पुष्कळदा कर्ज देतानाच घराचा किंवा कर्जदाराच्या जिवाचा विमा गळ्यात घालतात, आणि त्याच्या हप्त्यासाठी एक छोटे दुसरे कर्ज खाते उघडलेले असते. कुणी मध्येच वाढीव कर्ज, म्हणजे ‘टॉप-अप’ घेतलेले असते. मोठे खाते बंद होते आणि हे पिल्लू चालूच राहते. तुमची रक्कम जुन्या हप्त्याइतकीच असल्याने तसे वाटत नाही, तरी कंपनीकडून सगळ्या कर्ज खात्यांचा उतारा मागून घ्या. शिवाय एखाद्या वेळी कर्ज महिन्याच्या दोन-चार तारखेला फेडले, तर पाच तारखेची यादी आधीच बँकेकडे गेलेली असते. तेवढा एक हप्ता जातो आणि मागाहून परत येतो. एक समजण्यासारखा आहे. तीन नाहीत.

शेजारच्या एका वहिनींनी तुम्हाला सुचवले म्हणे, की खाते रिकामे ठेवा, मग काय ओढतील? असे करू नका. खात्यात पैसे नसले की मागणी परत जाते आणि त्याचा दंड तुमचीच बँक तुमच्याच खात्याला लावते. कंपनीच्या दप्तरी ‘हप्ता बुडाला’ अशी नोंद पडली तर ती निस्तरत बसा. शिवाय शिवणाचे, गॅसच्या अनुदानाचे, बचत गटाचे पैसे त्याच खात्यात येतात. घरात उंदीर शिरला म्हणून कुणी धान्याची कणगी जाळत नाही.

करायचे ते असे. उद्याच सकाळी पासबुक भरून घ्या आणि तुमच्या बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. तोंडी नको. अर्ज मराठीत चालतो. लांबलचक लिहू नका. एवढाच मजकूर पुरे :

“माझ्या बचत खाते क्र. ... मधून ... या कंपनीस दरमहा रक्कम देण्याचे मँडेट मी आज दि. ... पासून रद्द करीत आहे. सदर कंपनीचे गृहकर्ज खाते क्र. ... मी दि. ... रोजी पूर्ण फेडले असून त्याची पावती सोबत जोडली आहे. यापुढे या मँडेटवर कोणतीही रक्कम देऊ नये. मँडेट रद्द झाल्याचे मला लेखी कळवावे.”

मँडेटचा एक मोठा वीस अक्षरी-आकडी क्रमांक असतो, त्याला ‘यूएमआरएन’ म्हणतात. तो काउंटरवर विचारून अर्जात लिहा. तो त्यांच्या संगणकात असतो, नाही म्हणाले तर उभ्या राहा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊन घरी आणायची. शिक्क्याची प्रत डब्यात नीट ठेवा. तिचे मोल सोन्याच्या पाटलीइतके आहे, कारण पुढे सांगते.

रिझर्व्ह बँकेने २०१९ साली एक नियम केला. ग्राहकाने आपल्या बँकेकडे मँडेट रद्द केल्यावरही पैसे कापले गेले, तर त्याला ग्राहकाची बँक जबाबदार. दुसऱ्या दिवसापर्यंत तिने ते निस्तरायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. म्हणजे शिक्का पडला त्या दिवसापासून ‘आम्ही कापत नाही, कंपनी ओढते’ हे उत्तर चालत नाही. तोपर्यंत तुम्ही दोघांच्या मधे चेंडूसारख्या होता, आता चेंडू बँकेच्या अंगणात. मागच्या तीन हप्त्यांना मात्र हा नियम लागू होत नाही, ते पैसे कंपनीकडूनच वसूल करायचे.

म्हणून दुसरा अर्ज कंपनीला. त्यात तीन तारखा, तीन रकमा, एकूण २८,२०० रुपये, पासबुकाच्या पानाची झेरॉक्स आणि कर्ज फेडल्याची पावती. व्याजासह परत मागा. व्याज मिळेलच असे मी म्हणत नाही, पण मागितल्यावाचून कोण देते? जवळच्या शाखेत हातोहात द्या नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याच नावे पाठवले तर उत्तम. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर गृहकर्ज कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मुलगी संगणकावर तक्रार भरून देईल. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला तेवढे सहज जमेल.

इथे आपल्या भागासाठी एक तळटीप हवीच. विटा, आटपाडी, म्हसवड या पट्ट्यात बँकांइतक्याच पतसंस्था आहेत. पतसंस्थेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद लागत नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तेव्हा तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. जिल्हा मध्यवर्ती बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. आपले कर्ज नेमके कुणाकडे होते हे पावतीवरच्या नावात नीट वाचा. ‘बँक’, ‘फायनान्स’ आणि ‘पतसंस्था’ यांचे दरवाजे वेगवेगळे आहेत.

आता मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. चार पानांच्या पत्रात तुम्ही घराच्या मूळ कागदांचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. ते परत मिळाले का? कर्ज फिटल्याचा दाखला, ज्याला आपल्याकडे बेबाकी किंवा ‘नो ड्यूज’ म्हणतात, तो हाती आला का? पेढे खाऊन माणूस गेला, पण त्याने काय दिले? मला शंका आहे, की नुसती पैसे भरल्याची पावती तुमच्याजवळ आहे. हप्त्याचे २८,२०० दिसले म्हणून तुम्ही धावलात. मूळ खरेदीखत कंपनीच्या तिजोरीत असेल, तर ते त्याहून कितीतरी मोठे आहे.

या बाबतीत नियम आता फार स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी आदेश काढला आणि १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मालमत्तेचे सगळे मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही काढून टाकायचा. त्यांच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. दिवसाला पाच हजार! तुमच्या अर्ध्या हप्त्याहून जास्त. कागद त्यांच्याकडून गहाळ झाले तर नक्कल काढायला त्यांनीच मदत करायची, खर्चही त्यांचाच. त्या कामासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. कागद कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की त्यांच्या दुसऱ्या कचेरीतून, हे निवडायचा हक्क तुमचा आहे. हा नियम बँकांना आणि गृहकर्ज कंपन्यांना लागू आहे. दिवाळीत कर्ज फिटले आणि फेब्रुवारी उलटला, म्हणजे तीस दिवस केव्हाच होऊन गेले. कंपनीला जो अर्ज द्याल त्यात हा परिच्छेदही घाला. हा आदेश तारखेसह लिहिला की पुष्कळ दारे लवकर उघडतात, असा अनुभव आहे.

कागद घेताना कर्जाच्या वेळी जी कागदांची यादी दिली होती ती बरोबर न्या आणि एकेक पान ताडून घ्या. कोरे सही केलेले चेक दिले असतील तर तेही मागा, नंबर टिपून ठेवा.

घर बिगरशेती प्लॉटवर असेल तर सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकाना पाहा. तिथे कंपनीचे नाव आणि रक्कम अजून बसलेली असेल. बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा. ‘ई-हक्क’वरूनही तो करता येतो. मग फेरफार होतो आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक किंवा घरपट्टीचा उतारा पाहा. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असेल तर ते सोडवल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. हे सारे न करता दहा वर्षे कुणी गप्प बसते, आणि मुलीच्या लग्नाला किंवा शेततळ्याला कर्ज काढायला गेले की उताऱ्यावर जुना बोजा पुढे उभा राहतो.

कर्जाची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. त्यात हे कर्ज ‘बंद’ दिसते की नाही तेही पाहून घ्या.

फिटलेले कर्ज कागदावर जिवंत राहण्याचे हे दुखणे आपल्या मुलखाला नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले, त्यामागे पैसे दिले तरी कागद फाटत नाही हाही राग होता. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत सावकाराने पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा, मागितले तर पासबुक द्यायचे, असे त्यात होते. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात, त्यामुळे तो कायदा तुमच्या पणजोबांना थेट मिळाला नसेल. पासबुक ही बँकेने केलेली मेहेरबानी नाही, ते मागून, भांडून मिळालेले आहे, एवढे मात्र लक्षात असू द्या.

आणि ‘बाईला त्यातलं काय कळतं’ असे कुणी म्हणाले तर शेजारच्या माण तालुक्याकडे बोट दाखवा. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा आधी परवाना नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कितीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. तुम्ही तर बारावी झालेल्या आहात!

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तक्रार केल्यावर ‘तुमचे हप्त्याचे पैसे परत करायचे आहेत, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या. पैसे परत करायला कुणालाही ओटीपी लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. दुसरे, पासबुकातली प्रत्येक कपात चोरी नसते. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये गेले असतील तर ते बहुधा जीवनज्योती विम्याचे, आणि २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विम्याचे. दोन-दोन लाखांचा विमा आहे तो. रागाच्या भरात मँडेट रद्द करताना ‘सगळंच बंद करा’ असे काउंटरवर म्हणू नका. नेमक्या त्याच कंपनीचे नाव सांगा.

आता दिघंचीहून आलेल्या दुसऱ्या पत्राला थोडक्यात उत्तर. त्या विचारतात : सासऱ्यांनी स्वतः घेतलेले घर, कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते वारले, विम्यातून कर्ज फिटले. आता कागद आम्हाला मिळतील का, आणि नणंदांच्या सह्या लागतील का?

कागद वारसांना परत द्यायची ठरलेली पद्धत प्रत्येक कंपनीकडे असली पाहिजे आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर असली पाहिजे, हेही २०२३ च्या त्याच आदेशात आहे. तेव्हा आधी ती पद्धत लेखी मागा. मृत्यूचा दाखला लागेल, वारसांचे जे कागद ते सांगतील ते लागतील. सासऱ्यांच्या बँकेलाही कळवा, म्हणजे त्यांच्या खात्यावरचे मँडेट थांबेल. नणंदांविषयी म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर सासूबाई, मुलगे आणि मुली हे सारेच पहिल्या वर्गातले वारस, लग्न झालेल्या मुलीसुद्धा. कागद तुमच्या कपाटात आले म्हणजे घर तुमच्या नावावर झाले असे नव्हे. नणंदांना आधी फोन करा, सासूबाईंना समोर बसवा आणि मग कंपनीत जायचा दिवस ठरवा.